मिरचीच्या पथारीचा लाल: ॲक्रिलिकमध्ये खालचा थर कशासाठी

आधी तुमचा प्रश्न थोडक्यात सांगते. नंदुरबारच्या मिरचीच्या पथारीचं, म्हणजे उन्हात वाळत घातलेल्या मिरचीच्या पसाऱ्याचं चित्र, दोन बाय तीन फुटांचा कॅनव्हास, संदर्भाला स्वतः काढलेला सकाळचा फोटो. लाल रंगाचे चार हात दिले तरी पथारी सपाट दिसते आणि देठ खुडणाऱ्या बायकांची हिरवी लुगडी वरून चिकटवल्यासारखी वाटतात. मग एका व्हिडिओत पाहून दुसरा कॅनव्हास आधी बर्न्ट सिएनाने, म्हणजे लालसर तपकिरी रंगाने भरून घेतला, त्यावर लाल चढवला, तर सगळंच तपकिरी आणि गढूळ झालं. म्हणून विचारणा अशी: ॲक्रिलिकमध्ये अंडरपेंटिंग, म्हणजे मुख्य रंगाखाली आधीचा थर, करायचं का, करायचं तर कोणत्या रंगात, आणि वर किती थर द्यायचे?

मी धुळ्यात चित्रकला शिकवते आणि माझं स्वतःचं बहुतेक काम ॲक्रिलिकमध्येच असतं. माझ्या मते अडचण खालच्या रंगाच्या निवडीत नाही. खालचा थर आणि वरचा थर यांच्यात कामाची वाटणीच झालेली नाही. खालच्या थराने उजेड आणि सावली ठरवायची, वरच्या थराने रंग. पण वरचा थर खालच्याला दिसू देणारा असेल तरच ही वाटणी चालते. पहिल्या कॅनव्हासवर तुम्ही झाकणाऱ्या लालचे चार हात दिलेत, त्यामुळे खाली काही असतं तरी ते मेलंच असतं. दुसऱ्यावर खालचा थर दिसला खरा, पण तो सगळीकडे एकाच गडदपणाचा होता, म्हणून त्याच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं. दोन वेगळे दोष आहेत. त्यांचा उपायही वेगळा.

एक गोष्ट मला इथून कळणार नाही: तुमच्या ट्यूबमध्ये नेमकं कोणतं रंगद्रव्य आहे. बाकीचं बरंच त्यावर ठरतं. म्हणून कॅनव्हासला हात लावण्यापूर्वी एक चाचणी करा. जाड कागदावर किंवा जेसो (रंगाखालचं पांढरं अस्तर) दिलेल्या पुठ्ठ्यावर काळ्या ॲक्रिलिकची बोटभर रुंदीची पट्टी ओढा आणि पूर्ण वाळू द्या. तिच्यावरून आडवे, तुमच्याकडचा प्रत्येक लाल, पिवळा, हिरवा एकेक हात ओढा. काळ्या पट्टीवर जो रंग जवळजवळ दिसेनासा होतो तो पारदर्शक. जो काळ्याला झाकतो तो अपारदर्शक. चांगल्या ट्यूबवर हे चौकोनाच्या खुणेनेही दिलेलं असतं: रिकामा चौकोन पारदर्शक, अर्धा भरलेला मधला, पूर्ण भरलेला अपारदर्शक. रंगद्रव्याचा क्रमांकही पाहा. पीआर १२२ किंवा पीव्ही १९ म्हणजे क्विनाक्रिडोन, हे स्वच्छ पारदर्शक. नॅफ्थॉल लाल, पीआर १७० किंवा ११२, साधारण मधले. पीआर १०८ म्हणजे कॅडमियम, हा झाकणारा. पीआर १०१ लोहाचा लाल, तोही बहुधा झाकणारा. विद्यार्थ्यांसाठीच्या स्वस्त रंगांत रंगद्रव्य कमी आणि भरण जास्त असतं, त्यामुळे त्यांचे पातळ थर थोडे दुधाळ येतात. ते वापरू नका असं मी म्हणणार नाही. खालच्या थरासाठी ते अगदी ठीक आहेत. पैसे खर्च करायचेच असतील तर एका चांगल्या पारदर्शक लालवर आणि एका बाटली ग्लॉस मीडियमवर (रंग पातळ करायच्या, वाळल्यावर पारदर्शक होणाऱ्या द्रवावर) करा.

आता लालची खास अडचण, कारण तुमचं सगळं चित्र तिच्यावर उभं आहे. पांढऱ्याला १० आणि काळ्याला ० धरलं, तर भडक शुद्ध लाल ४-५ च्या आसपास बसतो. म्हणजे लाल मुळातच बऱ्यापैकी गडद आहे. डोळ्याला तो इतका जोरात भिडतो की त्याचा गडदपणा लक्षातच येत नाही. आता पथारीचा उन्हातला भाग उजळ करायला तुम्ही लालमध्ये पांढरा घातला की तो गुलाबी होतो. सावलीसाठी काळा घातला की तो मरगळलेला तपकिरी होतो. दोन्हीकडे जायला वाट नाही, म्हणून माणूस घाबरून सगळीकडे एकच लाल लावत सुटतो, आणि पथारी सपाट होते. या कोंडीतून थर सोडवतात. उजेड खालून आणायचा, अंधारही खालून आणायचा, आणि लालला फक्त लाल राहू द्यायचं.

कोरा चहा पांढऱ्या कपात ओतला तर लालसर सोनेरी दिसतो, काळ्या मगात ओतला तर काळाच दिसतो. चहा तोच असतो. पारदर्शक लालचंही असंच आहे. प्रकाश त्या पातळ थरातून आत जातो, खालच्या पृष्ठभागावर आपटतो आणि पुन्हा त्याच थरातून बाहेर येतो. खाली पांढरट पिवळा असेल तर बहुतेक प्रकाश परत येतो आणि लाल पेटल्यासारखा दिसतो. खाली बर्न्ट सिएनाचा सलग हात असेल तर तो बराचसा प्रकाश तिथेच गिळतो, परत येतो तो थोडा आणि तपकिरी. तुमच्या दुसऱ्या कॅनव्हासवर झालं ते हेच. थर एकमेकांत मिसळल्यामुळे ते झालं असं वाटत असेल तर तसं नाही, कारण ॲक्रिलिक एकदा वाळला की पाण्याने पुन्हा विरघळत नाही. खालचा थर नीट वाळलेला असेल तर ॲक्रिलिकमधला गढूळपणा घासून येत नाही, तो एकावर एक पाहिल्यामुळे येतो.

म्हणून अंडरपेंटिंग करण्याआधी पथारीकडे रंग विसरून पाहा. फोटो मोबाइलवर कृष्णधवल करून घ्या. सकाळचं ऊन तिरपं असतं, त्यामुळे पसरलेल्या मिरचीच्या वरच्या कडांवर उजेड, अंगावर मध्यम छटा आणि दोन ओळींमधल्या खाचेत सावली, अशा तीन पायऱ्या तुम्हाला सहज दिसतील. दूरवर या तिन्ही मिळून एकच मध्यम पट्टा होतात. जवळ त्या सुट्या होतात. ओली मिरची तुकतुकीत असते, तिच्यावर आकाशाची निळसर चमक पडते. वाळलेली सुरकुततेही आणि तिचा रंग किरमिजीकडे झुकतो. हे सगळं रंगाशिवाय आधी मांडता आलं पाहिजे. चाळीसगावला जाणं जमलं तर छायाचित्रकार केकी मूस यांचं कलादालन पाहून या. त्यांनी तिथल्या आपल्या घराला रेम्ब्रांटचं नाव दिलं होतं. त्यांची टेबलटॉप, म्हणजे टेबलावर वस्तू मांडून काढलेली छायाचित्रं पाहताना कळतं की नुसत्या काळ्या-पांढऱ्यात, नुसत्या उजेड-सावलीवर चित्र किती भक्कम उभं राहू शकतं. माझ्या विद्यार्थ्यांना मी अंडरपेंटिंग शिकवण्यापूर्वी तिथे न्यायला बघते.

प्रत्यक्ष काम मी असं करीन. कॅनव्हास तयार मिळालेला असला तरी जेसोचा एक हात वरून द्यायचा आणि वाळल्यावर २२० नंबरच्या कागदाने हलकं घासायचं. त्यावर यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा पातळ, पाणीदार हात. हा फक्त पांढऱ्याची धास्ती घालवण्यासाठी आणि छटा मोजायला मधली पातळी मिळावी म्हणून. मग निळा अल्ट्रामरीन आणि गडद तपकिरी बर्न्ट अंबर मिसळून तयार होणाऱ्या करड्याने सावल्या बसवायच्या. उजेडाच्या जागी टायटॅनियम व्हाइट, त्यात किंचित लेमन यलो. मध्यम छटेत ऑकर तसाच सोडायचा, किंवा त्यात थोडा नारिंगी. या टप्प्यावर चित्र थोडं विचित्र दिसेल: पिवळट कडा, करड्या खाचा, मधे ऑकर. पण डोळे बारीक करून लांबून पाहिलं तर पथारी लांब पसरलेली दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर पुढे जाऊ नका. वर कितीही सुंदर लाल घातला तरी ती दिसणार नाही. आणि उजेडाच्या जागा शेवटी हव्यात त्यापेक्षा एक पायरी जास्त उजळ ठेवा, कारण वर येणारा प्रत्येक थर त्यांना थोडा खाली ओढणार आहे. नवख्यांचं अंडरपेंटिंग वाया जातं ते बहुतेक वेळा इथेच.

मग लालचे ग्लेझ, म्हणजे खालचं दिसू देणारे पातळ थर. एक भाग रंग आणि आठ-दहा भाग ग्लॉस मीडियम. पाण्याने पातळ केलेला रंग आणि मीडियमने पातळ केलेला रंग यांत मोठा फरक आहे. ॲक्रिलिकमध्ये रंगद्रव्याला धरून ठेवतं ते पॉलिमर. भरपूर पाणी घातलं की ते विरळ होतं. शोषून घेणाऱ्या जेसोवर असा पाणीदार हात चालून जातो, पण आधीच रंगाने बंद झालेल्या पृष्ठभागावर पाणी थेंबाथेंबाने गोळा होतं, कडांना गोल डाग धरतं आणि थर कच्चा राहतो. म्हणून पहिला टोन पाण्याने, नंतरचे ग्लेझ मीडियमने. मीडियम ओलं असताना दुधाळ दिसतं, वाळल्यावर स्वच्छ होतं, त्यामुळे ओला ग्लेझ पाहून अंदाज करू नका. वाळल्यावर तो नेहमी थोडा गडद होतो. ग्लेझमध्ये पांढरा चुकूनही घालू नका. टायटॅनियम व्हाइट इतका झाकणारा आहे की चिमूटभराने सगळा थर पीठ सांडल्यागत धुरकट होतो. तसा धुरकटपणा दूरच्या धुळीसाठी हवा असेल तर तो वेगळा, मुद्दाम द्यायचा.

पहिला ग्लेझ नॅफ्थॉलचा, सगळ्या पथारीवर एकसारखा. वाळला की दुसरा, मध्यम आणि सावलीच्या भागात. तिसरा क्विनाक्रिडोनचा, फक्त खाचांत आणि वाळलेल्या मिरच्यांच्या जागी. लाल जवळपास तोच, पण खालून तीन वेगळे लाल दिसू लागतात. थर किती, याचं सरळ उत्तर म्हणजे तीन ते पाच पातळ थरांत बहुतेक वेळा काम होतं. त्यापुढे अजून हवेसे वाटले तर खालची छटा चुकलेली आहे असं समजा आणि तीच दुरुस्त करा. शेवटी मात्र झाकणारा रंग हवाच. नुसते ग्लेझ असलेलं चित्र काचेआड असल्यासारखं लांब राहतं. उन्हातल्या पुढच्या मिरच्यांवर कॅडमियमसारख्या झाकणाऱ्या लालचे, नारिंगीचे जाडसर मोजके फटकारे द्या, आणि ओल्या मिरच्यांवर पांढऱ्यात किंचित अल्ट्रामरीन घालून थोड्या थंड चमका. मोजक्याच. त्या फटकाऱ्यांना जोर येतो तो आजूबाजूचा भाग पातळ आणि खोल असल्यामुळे.

आता बायकांची लुगडी. हिरवं लाल पसाऱ्यावर चिकटवल्यासारखं दिसतं, कारण त्याच्यावर पथारीचा काहीच परिणाम झालेला नसतो. एवढा मोठा लाल पृष्ठभाग उन्हात असला की तो खालून लाल उजेड फेकतो. लुगड्याच्या खालच्या काठावर, हाताच्या आतल्या बाजूला, तोंडाला बांधलेल्या पदराच्या खाली तो दिसतो. पण इथे एक सापळा आहे. लालवर पारदर्शक हिरवा घातला तर दोघे एकमेकांचा प्रकाश गिळतात आणि उरतो काळपट करडा. म्हणून आकृत्यांच्या जागा पहिल्यापासून राखून ठेवा, त्यांच्याखाली फिकट करड्यातच उजेड-सावली करा, हिरवा त्यावर घ्या. मग काठाशी फक्त खालच्या बाजूला लालचा अगदी पातळ ग्लेझ ओढा. तिथे थोडा करडेपणा येईल, तो हवाच आहे. कडाही सगळीकडे धारदार ठेवू नका. सावलीच्या बाजूची कड जमिनीत थोडी विरू द्या.

त्वचेसाठी मला उपयोगी पडलेली गोष्ट आपल्या वेशीवरच आहे. जळगावहून अजिंठा साठेक किलोमीटर. इंग्रज चित्रकार लेडी क्रिस्टियाना हेरिंगहॅम यांनी १९०९ ते १९११ या काळात नंदलाल बोस यांच्यासारख्या तरुण चित्रकारांसोबत तिथल्या चित्रांच्या प्रतिकृती केल्या. त्या स्वतः टेम्पराच्या (अंड्याच्या बलकात रंगद्रव्य कालवून रंगवण्याच्या पद्धतीच्या) जाणकार होत्या, आणि तिथल्या कामाचा क्रम त्यांनी नोंदवून ठेवला आहे: पांढऱ्या गिलाव्यावर गेरूसारख्या लाल रेषेने रेखाटन, त्यावर हिरव्या मातीचा पातळ एकरंगी थर, ज्यातून खालची लाल रेषा थोडी दिसत राहते, मग वस्तूचा मूळ रंग, आणि नंतर गडद रेषांनी बांधणी. इटलीतही मध्ययुगात चेहऱ्यांखाली हिरव्या मातीचा थर देत. कारण दोन्हीकडे लागू पडतं: उबदार तपकिरी त्वचेच्या मधल्या छटांत खालचा थंड हिरवा किंचित डोकावला की त्वचा जिवंत वाटते. ऑकर, थोडा अल्ट्रामरीन आणि पांढरा मिसळून असा राखाडी हिरवा सहज होतो. सावळ्या त्वचेखाली तो द्या आणि वर बर्न्ट सिएनाचे पातळ ग्लेझ घ्या. व्हिडिओतला बर्न्ट सिएना इथे वाया जाणार नाही.

हवेबद्दल सांगायला हवं, कारण बहुतेक व्हिडिओ थंड देशांत केलेले असतात. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ वर असताना पातळ ग्लेझ ब्रश फिरवेपर्यंत वाळतो आणि पट्टे उठतात. अर्धवट वाळलेल्या थरावर पुन्हा ब्रश नेला की तो सालपट निघाल्यासारखा उचलला जातो. उपाय साधे आहेत. आधी त्या भागावर नुसत्या मीडियमचा अगदी पातळ हात द्या आणि तो ओला असतानाच त्यात ग्लेझ मिसळवत न्या. ब्रश मोठा आणि मऊ घ्या. पंखा बंद ठेवा आणि कूलरचा झोत थेट चित्रावर येऊ देऊ नका. पॅलेटवर ओलं फडकं, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग ठेवला तर रंग बराच वेळ ओला राहतो. रिटार्डर (रंग उशिरा वाळवणारं द्रव्य) घालायचा तर बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच, जास्त झाला की थर चिकट राहतो.

पथारीचा हंगाम मात्र थंडीचा, म्हणून उलटी बाजूही सांगते. तुम्ही जागेवर बसून रंगवणार असाल तर पहाटे घाई करू नका. ॲक्रिलिकचे कण एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा तयार व्हायला साधारण ९-१० अंशांच्या वर तापमान लागतं. धुळ्या-नंदुरबारकडे डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा त्याखाली जातो. अशा वेळी थर वाळल्यासारखा दिसतो, पण आतून कमजोर राहतो. ऊन चढल्यावर रंगवा, सकाळी फक्त रेखाटन आणि छटांची टिपणं करा.

तुमचे दोन्ही कॅनव्हास वाचवता येतील. पहिल्यावर चार हातांमुळे ब्रशचे वळ उठले असतील तर ४०० नंबरच्या वॉटरपेपरने पाणी लावून हलकं घासा, पुसा, वाळू द्या. दुसऱ्याला घासायची गरज नसावी. मग दोन्हीवर उजेडाच्या जागांवर पांढरा आणि लेमन यलो मिसळून झाकणारा हात द्या. लाल खालून गुलाबीसर डोकावत राहील, म्हणून बहुधा दोनदा द्यावा लागेल. पहिल्या कॅनव्हासचा उरलेला लाल मध्यम छटा म्हणून चालेल. दुसऱ्याचा तपकिरी सावलीसाठी आयता आहे, त्यात फक्त खाचा अल्ट्रामरीनने अजून खोल करा. मग ग्लेझ वर सांगितल्याप्रमाणे.

सगळ्याच चित्रांना हे लागत नाही. चाकूने जाड रंग लावून करायचं काम, छोटी जागेवरची रंगटिपणं, सपाट रंगाची सजावटी शैली, यांत खालचा थर म्हणजे फुकटची मेहनत. तुमच्या विषयात मात्र एकच रंग एवढी जागा व्यापतो की त्याच्या आत खोली निर्माण करण्याला पर्याय नाही. तरी थेट कॅनव्हासवर जाऊ नका. एका पुठ्ठ्यावर चार पट्ट्या करा: पांढरट पिवळी, ऑकर, बर्न्ट सिएना, गडद करडी. त्यांच्यावरून तुमचा लाल ग्लेझ एकदा, दोनदा, तीनदा आडवा न्या. तुमच्या ट्यूबमधला लाल काय करू शकतो हे तो पुठ्ठा माझ्यापेक्षा नेमकं सांगेल. तो भिंतीला लावून ठेवा.

चित्र पूर्ण झाल्यावर वार्निशची घाई नको. हाताला वाळलेला वाटला तरी अनेक थरांचा ॲक्रिलिक आतून पक्का व्हायला काही आठवडे घेतो. आणि उन्हाळ्यात तो पुन्हा थोडा मऊ पडतो, त्यामुळे आपल्याकडचा फुफाटा त्यावर चटकन बसतो आणि दोन चित्रं तोंडाला तोंड लावून ठेवली तर चिकटतात. बबल रॅपही थेट पृष्ठभागावर लावू नका, गोल ठसे उठतात. मध्ये सिलिकॉनचा लेप असलेला बेकिंगचा कागद घाला आणि चित्रं पत्र्याच्या छपराखाली न ठेवता घरातल्या सर्वांत थंड खोलीत उभी ठेवा.